क्रॉइकच्या खिडकीवरच्या ओळी

इतिहासाची साधने शिकवताना आम्ही मास्तर मंडळी फळ्यावर एक ठरलेली यादी लिहितो. ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी, सनदा, महजर, परकीय प्रवाशांची वर्णने. मुले ती पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत जशीच्या तशी उतरवतात. मीही इतकी वर्षे हेच करीत आलो. पण या यादीत कुठेच न बसणारे एक साधन काही वर्षांपूर्वी वाचनात आले आणि तेव्हापासून ते मनातून जात नाही. ते साधन म्हणजे खिडकीची काच.

स्कॉटलंडच्या उत्तर भागात, डोंगरांच्या कुशीत क्रॉइक नावाचे ठिकाण आहे. तिथल्या लहानशा चर्चच्या पूर्वेकडील खिडकीला शंकरपाळ्यांच्या आकाराच्या काचा बसवलेल्या आहेत. १८४५ च्या मे महिन्यात काही खेडुतांनी त्या काचांवर टोकदार वस्तूने चार-दोन ओळी कोरल्या. गाव उठवले गेले होते, घरे सुटली होती, आणि लेकराबाळांसह ते चर्चच्या आवारात, कबरींच्या मध्ये मुक्कामाला होते. काचा अजून आहेत. ओळी अजून वाचता येतात.

एम.ए.च्या अभ्यासात स्कॉटलंडच्या या विषयाला एक परिच्छेद होता. ‘हायलँड क्लिअरन्सेस’ हे त्याचे नाव. लोकरीचा भाव चढला, जमीनदारांनी कुळे उठवली, मेंढ्या आणल्या, कुळे शहरांत नाहीतर सातासमुद्रापार वसाहतींत गेली. चार वाक्यांत विषय संपला. परीक्षेत तो टिपा लिहा या प्रश्नापुरताच असे. एका गावाची गोष्ट मात्र चार वाक्यांत मावत नाही. ती सांगावी म्हणून हा प्रपंच.

*

प्रथम गाव कुठे आहे ते पाहू. स्कॉटलंडचा नकाशा समोर घ्यावा. पूर्व किनाऱ्याने वर सरकत इन्व्हर्नेस शहर ओलांडले की रॉसशायरचा मुलूख लागतो. त्याच्या उत्तर कडेला समुद्राची एक लांब खाडी जमिनीत घुसली आहे. तिचे नाव डॉर्नॉक फर्थ. खाडीच्या आतल्या टोकाशी आर्डगाय नावाचे छोटे गाव आहे. गावात पांढऱ्या गारगोटीचा एक मोठा दगड जपून ठेवला आहे. पूर्वी हिवाळ्यात त्या भागात जत्रेचा बाजार भरे. बाजार कुठे भरणार हे या दगडावरून ठरे; दगड हलला की बाजार हलला. आपल्याकडे देवाची पालखी जिथे टेकेल तिथे जत्रा, तसाच हा प्रकार.

आर्डगायहून कॅरन नदीच्या काठाने पश्चिमेकडे दहा मैल आत गेले की क्रॉइक येते. या रुंद खोऱ्याला स्ट्रॅथकॅरन म्हणतात. वाटेत अमाट येथे देवदारासारख्या उंच पाइन वृक्षांचे जुने रान आहे. तिथेच दक्षिणेकडून एक लहान नदी कॅरनला येऊन मिळते. त्या लहान नदीची अरुंद घळ म्हणजे ग्लेनकॅल्व्ही. आपल्या गोष्टीतले लोक राहत होते ते या घळीत. त्यांचे चर्च मात्र क्रॉइकला, तीन-चार मैलांवर.

क्रॉइक हे नाव नकाशावर मोठे दिसले तरी तिथे बाजारपेठ नाही, पेठेचा रस्ता नाही. चर्च, पाद्र्याचे घर, विखुरलेली दोन-चार घरे, भोवती गवताळ डोंगर. आवाराच्या भिंतीला लागून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका गोल दगडी बुरुजाचा ढिगारा आहे. म्हणजे त्या जागी माणसांची वस्ती फार जुनी. चर्च मात्र नवे, १८२७ सालचे. दूरच्या डोंगराळ भागातल्या लोकांना प्रार्थनेची सोय नाही म्हणून पार्लमेंटने १८२३ साली पन्नास हजार पौंड मंजूर केले. पूल आणि कालवे बांधणारा विख्यात अभियंता टॉमस टेलफर्ड याच्या देखरेखीखाली त्या पैशातून ३२ साधी, एका धर्तीची चर्चे उभी राहिली. क्रॉइकचे चर्च त्यांतलेच एक. म्हणजे सरकारने १८२७ मध्ये या खोऱ्यात चर्च बांधले, कारण खोऱ्यात माणसे होती. पुढच्या अठरा वर्षांत त्याच चर्चच्या दारात माणसे बेघर होऊन बसली.

*

ग्लेनकॅल्व्हीचे लोक गेलिक भाषा बोलत. बहुतेकांचे आडनाव रॉस. गावभर एकच आडनाव असले की टोपणनावांशिवाय चालत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. बापाचे, आजोबाचे नाव लावून, नाहीतर धंद्यावरून माणूस ओळखायचा. शेती थोडी, तीही वाटून केलेली. ओट, बार्ली आणि बटाटे ही पिके. खरी दौलत म्हणजे काळी, ठेंगणी गुरे. उन्हाळ्यात बाया आणि मुले गुरे घेऊन वरच्या कुरणांत झोपड्या करून राहत, दूधदुभते तिथेच करीत. व्यापारी ती गुरे विकत घेऊन कळपाने दक्षिणेच्या बाजाराला हाकून नेत. त्या पैशातून खंड भरायचा. सरपण म्हणून दलदलीतली वाळवलेली माती, जिला पीट म्हणतात, ती जाळायची.

जमीन कागदोपत्री त्यांची कधीच नव्हती. मालक होते किंडेसचे रॉबर्टसन. पण लोकांच्या मनात आणखी एक हक्क होता. त्याला गेलिकमध्ये ‘दूखस’ असा शब्द आहे. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही इथे नांदलो, कुळाच्या नायकासाठी लढलो, म्हणून इथे राहण्याचा आमचा अधिकार, असा त्याचा भाव. आपल्या इकडच्या मिराशीची आठवण व्हावी असा हा शब्द आहे. फरक एवढाच की मिराशीचा कागद निघायचा, साक्षी-पुरावा व्हायचा. दूखस कुठे लिहिलेला नव्हता. न्यायालयात जी गोष्ट लिहिलेली नाही ती नाहीच. जुना नायक आपल्या माणसांची डोकी मोजायचा, कारण लढाईला माणसे लागत. लढाया संपल्यावर त्याचे नातू पौंड मोजू लागले. सगळा बदल या एका वाक्यात आला.

पौंड मेंढ्यांत होते. दक्षिणेच्या सीमाभागातून आणलेली शेव्हियट जातीची मोठी मेंढी थंडी सोसते, भरपूर लोकर देते. एका मेंढपाळाला शेकडो मेंढ्या सांभाळता येतात. पन्नास कुळांकडून खंड गोळा करण्यापेक्षा एका मोठ्या मेंढीवाल्याला खोरे देणे मालकाला सोपे आणि फायद्याचे. रॉसशायरच्या लोकांनी हे पाणी कुठे चालले आहे ते लवकर ओळखले. १७९२ साली त्यांनी एकत्र येऊन हजारो मेंढ्या मुलखातून बाहेर हाकून लावण्याचा घाट घातला. सैन्य आले, लोक पांगले. गेलिक बोलणारे लोक त्या सालाला ‘मेंढ्यांचे साल’ म्हणतात. आपल्याकडे दुष्काळाची साले अशी लक्षात ठेवतात.

इथे आपल्या इतिहासाचा धागा येऊन मिळतो. मेंढ्यांच्या सालानंतर वर्षभरात, १७९३ मध्ये, याच रॉसशायरच्या नावाने ७८ वी हायलँडर्स ही पलटण उभी राहिली. ही पलटण हिंदुस्थानात आली आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावापाशी शिंदे आणि भोसले यांच्या फौजांशी लढली. त्या लढाईची खूण म्हणून पलटणीच्या निशाणावर हत्ती आला. असईच्या शेतात आपली माणसे ज्यांच्या संगिनींसमोर उभी होती, ते अशाच खोऱ्यांतल्या शेतकऱ्यांचे पोर होते. आणि ते इकडे लढत असताना तिकडे त्यांच्या मुलखात कुळे उठवण्याचा हिशेब चालू होता.

दुसरा धागा अधिक बोचरा आहे. आर्डगायच्या दक्षिणेला डोंगर ओलांडून गेले की ॲल्नेस गावावर फिरिश नावाची टेकडी आहे. तिच्या माथ्यावर एक विचित्र कमानदार बांधकाम लांबून दिसते. ते नागपट्टणच्या वेशीची नक्कल आहे. बक्सारची लढाई जिंकणारा सर हेक्टर मन्रो हा नोव्हरच्या इस्टेटीचा मालक. १७८१ साली त्याने डचांचे नागपट्टण घेतले आणि १७८२ मध्ये आपल्या गावच्या टेकडीवर हे स्मारक उभारले. पुढे याच नोव्हर इस्टेटीने १८२० साली आर्डगायजवळच्या कुलरेनची कुळे काढायला घेतली. नोटिसा बजावायला आलेल्यांना तिथल्या बायांनी अडवले, तेव्हा सैनिक पाठवावे लागले. हिंदुस्थानातून संपत्ती घेऊन जाणारे आणि आपल्याच गावच्या माणसांना रस्त्यावर काढणारे, ही दोन वेगळी घराणी होती असे नव्हे.

*

ग्लेनकॅल्व्हीची पाळी १८४२ मध्ये आली. रॉबर्टसन यांचा कारभार जेम्स गिलँडर्स नावाचा माणूस पाहत असे. अशा कारभाऱ्याला तिकडे फॅक्टर म्हणतात. आपल्याकडे मालकापेक्षा दिवाणजीची भीती जास्त, तसेच तिकडे. गिलँडर्सने जागा खाली करण्याच्या नोटिसा घेऊन माणसे पाठवली. शिवेवर बाया उभ्या होत्या. त्यांनी नोटिसा घेऊन आलेल्यांचे हात धरले आणि पेटत्या निखाऱ्याने कागद जाळून टाकले. हाताला धक्का लावला तर गुन्हा. नोटीस हातात पडलीच नाही तर ती बजावली असे कोण म्हणणार? कायद्याचा कीस त्या निरक्षर म्हणवल्या गेलेल्या बायांनीच काढला होता. त्यामुळे गावाला आणखी तीन वर्षे मिळाली.

त्या तीन वर्षांत एक मोठी घटना घडली. चर्चचा पाद्री कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने, या वादावरून १८४३ साली स्कॉटलंडचे चर्च फुटले. साडेचारशेहून अधिक पाद्र्यांनी घर आणि पगार सोडून ‘फ्री चर्च’ काढले. या फुटीचे पडसाद मुंबईपर्यंत उमटले. विल्सन कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते डॉ. जॉन विल्सन हेही त्या वेळी फ्री चर्चकडे गेले. क्रॉइकचे तरुण पाद्री गुस्टाव्हस एर्ड यांनीही सरकारी चर्च सोडले आणि त्यांच्यामागे जवळजवळ सारी मंडळी बाहेर पडली. आता प्रार्थना उघड्यावर, डोंगराच्या उतारावर होऊ लागली. डोंगराळ भागातले बरेचसे सरकारी पाद्री त्या काळात मालकाच्या बाजूने बोलत. एर्ड मात्र अखेरपर्यंत लोकांच्या बाजूला राहिले.

शेवटी नोटिसा बजावल्या गेल्याच. १८४५ च्या मे महिन्यात गाव सोडण्याची मुदत भरली. मदतीचे आवाहन वर्तमानपत्रांत आले तेव्हा लंडनच्या ‘टाइम्स’ने आपला प्रतिनिधी या दूरच्या खोऱ्यात पाठवला. त्याने लिहिलेला वृत्तांत हा या विषयातला मोलाचा पुरावा आहे. सगळ्या गावाचा खंड वर्षाला साडेपंचावन्न पौंड होता आणि लोकांनी तो कधी थकवला नव्हता. आपल्या गोरगरिबांना ते आपणच सांभाळत, सरकारी मदतीच्या यादीत त्यांच्यातले कोणी नव्हते. म्हणजे खंड भरणारे, कोणावर भार नसलेले, शांत लोक. त्यांना उठवायला त्यांचा कोणताच दोष दाखवता येत नव्हता. मेंढीवाला जास्त देत होता, एवढेच कारण.

अठरा कुटुंबे निघाली. ऐंशी-नव्वद माणसे. त्यांतल्या मोजक्याच कुटुंबांना कुठे तरी आसरा मिळाला होता. बाकीच्यांनी क्रॉइकच्या चर्चचे आवार गाठले. पूर्वजांच्या कबरी तिथेच होत्या. खांब रोवून त्यावर घोंगड्या, जाजमे, ताडपत्री टाकून त्यांनी एक लांबोडा मांडव केला. आत विस्तव, पाळण्यात तान्ही मुले, म्हातारी माणसे. मे महिना असला तरी त्या अक्षांशावर रात्री कडाक्याच्या असतात. चर्चच्या आत मात्र कोणी गेले नाही. देवाच्या घरात बिऱ्हाड मांडणे बरे नव्हे, ही एक भावना. आणि ज्या चर्चमधून आपण दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलो तिथे आता आसऱ्याला कसे जायचे, हा दुसरा संकोच. बाहेर थंडीत मांडव आणि आत रिकामी बाके, अशी ती अवस्था होती.

त्या दिवसांत कोणी तरी खिडकीपाशी गेले. काचेवर अक्षरे कोरली. ग्लेनकॅल्व्हीचे लोक २४ मे १८४५ रोजी इथे आवारात होते, असा मजकूर एका ओळीत आहे. दुसऱ्या ओळीत ‘ग्लेनकॅल्व्हीचे लोक, पापी पिढी’ अशा अर्थाचे शब्द आहेत. एका जागी कोणा मेंढपाळाचे नाव आहे. ओळी बाहेरून कोरल्या आहेत. त्यामुळे आत बसणाऱ्याला त्या उलट दिसतात. वाचायच्या तर बाहेर, त्या लोकांच्या जागी जाऊन उभे राहावे लागते.

*

‘पापी पिढी’ हे शब्द पहिल्यांदा वाचले तेव्हा मला वाटले, हा मालकाला दिलेला शाप असावा. मग लक्षात आले, तसे नाही. हे शब्द बायबलच्या वळणाचे आहेत आणि ते लोकांनी स्वतःविषयी लिहिले आहेत. आमच्याच हातून काही पाप घडले असेल, म्हणून देवाने हे दिवस दाखवले. लोकरीचा बाजारभाव, पार्लमेंट, कारभाऱ्याचा हिशेब, यांतले काहीच त्यांच्या हाती नव्हते. हाती होते ते एक धर्मपुस्तक. त्यात जे उत्तर सापडले ते त्यांनी स्वीकारले. अन्याय झालेल्या माणसाने स्वतःलाच दोषी ठरवावे, याहून मोठा अन्याय कोणता? आपल्याकडे दुष्काळात घरदार सोडून निघालेली माणसेही ‘आमचंच नशीब’ म्हणत निघाली होती.

पण मला खरे अडवले ते दुसऱ्याच गोष्टीने. हे सगळे लोक गेलिक बोलणारे. आईशी, देवाशी, गुरांशी बोलायचे ते गेलिकमध्ये. मग काचेवरच्या ओळी इंग्रजीत का?

याचे उत्तर शाळेत आहे, आणि मी शाळामास्तर असल्यामुळे ते मला जास्त लागले. १७०९ साली स्थापन झालेल्या एका धर्मप्रसारक संस्थेने डोंगराळ भागात शाळा काढल्या. आरंभी त्यांत गेलिकला मज्जाव होता. मुलांना इंग्रजी शिकवायचे, म्हणजे ती सुधारतील, असा विचार. न समजणारे शब्द मुले पोपटासारखी म्हणत. हे काम जमत नाही असे दिसल्यावर धोरण सैल झाले. गेलिक नवा करार १७६७ मध्ये छापला गेला, सबंध बायबल १८०१ पर्यंत आले. १८११ पासून एडिंबरोच्या एका मंडळीने गेलिक शाळा चालवल्या. पण त्यांत शिकवायचे ते फक्त वाचन, तेही धर्मग्रंथाचे. लेखन शिकायचे असेल त्याने इंग्रजीकडे वळायचे.

म्हणजे एकाच माणसाच्या आत दोन खण झाले. गेलिक वाचायची भाषा, इंग्रजी लिहायची भाषा. प्रार्थना एकीत, नोटीस दुसरीत. दुःख गेलिकमध्ये झाले आणि त्याची नोंद इंग्रजीत झाली. द्विभाषिक जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. घरात एक, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी, असे आपले रोजचे चालू असते. अर्ज लिहिताना आपण आपली भाषा बाजूला ठेवतो, कारण अर्ज वाचणारा दुसरा असतो. ग्लेनकॅल्व्हीच्या माणसानेही कदाचित तोच विचार केला असेल. आपल्या लोकांना काय झाले ते ठाऊकच आहे. सांगायचे आहे ते परक्याला. मग त्याच्या भाषेत सांगू. त्या विचारात शहाणपण होते. ओळी इंग्रजीत होत्या म्हणून त्या जगाने वाचल्या. मात्र त्या शहाणपणाची किंमत काय पडली ते पुढच्या पिढ्यांनी पाहिले.

१८७२ च्या शिक्षण कायद्याने स्कॉटलंडभर सक्तीच्या शाळा आणल्या. त्या कायद्यात गेलिकचा उल्लेखसुद्धा नव्हता. शाळेत गेलिक बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात काठी अडकवल्याच्या आठवणी अनेक ठिकाणच्या म्हाताऱ्यांनी सांगितल्या आहेत. १८९१ च्या शिरगणतीत गेलिक बोलणारे अडीच लाखांवर होते. २०११ मध्ये ते सुमारे सत्तावन्न हजार उरले.

*

गोष्ट इथे संपली असती तर ती नुसती रडगाथा झाली असती. तसे झाले नाही. ३१ मार्च १८५४ रोजी याच स्ट्रॅथकॅरन खोऱ्यात ग्रीनयार्ड्स येथे पुन्हा नोटिसा आल्या. मालक तेच, कारभारी तोच. वाटेवर पुन्हा बायाच उभ्या राहिल्या. या वेळी सुमारे ३५ पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या चालवल्या आणि अनेक जणी रक्तबंबाळ झाल्या. डोनाल्ड रॉस नावाच्या ग्लासगोच्या वकिलाने त्यावर पत्रक छापून गवगवा केला. गावे उठत राहिली, पण आता ती गुपचूप उठत नव्हती. लिहिलेले साठत गेले.

१८८३ साली सरकारने कुळांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर. हे नाव हिंदुस्थानच्या इतिहासात येते. १८६६ ते १८७२ ते मद्रासचे गव्हर्नर होते आणि १८७२ मध्ये काही काळ त्यांनी व्हाइसरॉयचे कामही पाहिले. रयतवारी मुलखाचा कारभार केलेला हा माणूस स्कॉटलंडच्या बेटाबेटांतून हिंडला. लोकांनी दुभाष्यांमार्फत गेलिकमध्ये जबान्या दिल्या. ज्या भाषेला शाळेत जागा नव्हती ती पहिल्यांदा सरकारी कागदात आली, अनुवाद होऊन का होईना. १८८६ च्या कायद्याने लहान कुळांना जमिनीवर कायम राहण्याची हमी मिळाली. ग्लेनकॅल्व्ही उठल्याला तेव्हा एकेचाळीस वर्षे झाली होती. रिकाम्या घळीला या कायद्याचा उपयोग नव्हता. पुढे लोकरीचाही भाव पडला. मेंढ्या गेल्या आणि श्रीमंतांच्या शिकारीसाठी हरणे आली. ज्या फायद्यासाठी माणसे काढली तो फायदासुद्धा दोन पिढ्या टिकला नाही.

भाषेच्या बाबतीतही उशिरा का होईना, वारे फिरले. २००५ साली स्कॉटलंडच्या संसदेने गेलिकसाठी कायदा केला आणि २०२५ च्या कायद्याने तिला अधिकृत भाषेचा दर्जा दिला. गेलिक माध्यमाच्या शाळा आहेत. २०२२ च्या जनगणनेत गेलिक बोलता येणाऱ्यांचा आकडा वाढून सुमारे सत्तर हजारांवर गेला. ऐकून आनंद होतो. पण त्याच जनगणनेने आणखी एक गोष्ट दाखवली. गेलिकचा शेवटचा बालेकिल्ला समजली जाणारी जी पश्चिमेकडील बेटे, तिथे ती बोलणारे निम्म्याहून कमी झाले. शहरातल्या शाळेत भाषा वाढते आहे, गावातल्या चुलीपाशी कमी होते आहे. कायद्याने पाटी बदलता येते, अभ्यासक्रम आखता येतो. विहिरीवरचे बोलणे मात्र विहिरीवर माणसे असतील तरच चालते. आधी गाव राहिले पाहिजे.

*

मग ग्लेनकॅल्व्हीच्या लोकांची भाषा त्या खोऱ्यात कुठेच उरली नाही का? उरली आहे, नकाशात. डोंगर, ओहोळ, माळ, कुरण, प्रत्येकाचे नाव गेलिक आहे. ‘ग्लेन’ म्हणजे अरुंद घळ, ‘स्ट्रॅथ’ म्हणजे रुंद खोरे, ‘आल्ट’ म्हणजे ओहोळ, ‘बेन’ म्हणजे डोंगर. आर्डगाय या नावातच वाऱ्याचा उंचवटा आहे. नावे ठेवणारे गेले, नावे राहिली.

त्या नावांना अर्थासकट जपण्याचे श्रेय एका हेडमास्तराकडे जाते, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. विल्यम वॉटसन हे १८६५ साली पूर्व रॉसशायरच्या एका खेड्यात जन्मले. घरची भाषा गेलिक. शिकून ते इन्व्हर्नेसच्या रॉयल ॲकॅडमीचे मुख्याध्यापक झाले. शाळेचा व्याप सांभाळून त्यांनी आपल्या जिल्ह्यातील गावांची, डोंगरांची, ओढ्यांची नावे गोळा केली, जुन्या कागदांशी ताडून पाहिली आणि १९०४ मध्ये रॉस आणि क्रॉमर्टी जिल्ह्यांच्या स्थलनामांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९१४ साली ते एडिंबरो विद्यापीठात केल्टिक भाषेचे प्राध्यापक झाले. गावे त्यांना परत वसवता आली नाहीत. पण ओसाड खोऱ्यातल्या दगडालाही कधी काळी कोणी तरी हाक मारीत होते, एवढे त्यांनी लिहून ठेवले.

मला वाटते, काच आणि हा ग्रंथ दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. काच दुसऱ्याच्या भाषेत दुसऱ्याला सांगते की आम्ही इथे होतो. ग्रंथ आपल्या माणसांना सांगतो की आपण या जागेला काय म्हणत होतो. पहिल्याशिवाय जगाला कळत नाही. दुसऱ्याशिवाय आपल्यालाच कळेनासे होते.

हे वाचल्यावर नववीच्या वर्गाला मी सुटीत एक काम दिले. प्रत्येकाने आपल्या शिवारातल्या शेतांची, विहिरींची, टेकाडांची, पाणंदींची नावे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहून आणायची. सातबाऱ्यावरचा गट नंबर नको, तोंडातले नाव हवे. सुटीनंतर वह्या आल्या. एकेका गावाची चाळीस-पन्नास नावे. काहींचा अर्थ मराठीत लागतो, काहींचा कन्नडमध्ये, आणि काही नावांत पहिला शब्द एका भाषेचा तर दुसरा दुसऱ्या. शेते विकली गेली, विहिरी बुजल्या, काही ठिकाणी प्लॉट पडले, तरी आज्यांच्या तोंडी नावे शाबूत होती.

काम देताना एक मुलगी उभी राहिली होती. तिच्या घरी आजी एक भाषा बोलते, आई दुसरी. तिने विचारले, “सर, नावं कोणत्या भाषेत लिहू?”

मी म्हणालो, “आजी ज्या नावानं हाक मारते, त्या नावानं लिही.”